कवळी रात्री काढून ठेवा



आपल्या वस्तीत कितीतरी आजी-आजोबा कवळी रात्रीही तोंडातच ठेवतात. काढली की गाल बसतात, सुना-नातवंडांसमोर लाज वाटते. पण रात्रभर ठेवलेल्या कवळीखाली बुरशी वाढते, टाळूला लाल चट्टे येतात, तोंड आगतं. मग जेवण तुटतं आणि माणूस खंगतो.

निगा सोपी आहे. प्रत्येक जेवणानंतर कवळी काढून धुवा, चूळ भरा. रात्री वंदना झाली की पातेल्यात थोडं पाणी घ्या आणि त्यावर धरून मऊ ब्रशने, साध्या साबणाने कवळी घासा. हातातून निसटली तरी पाण्यात पडेल, फुटणार नाही. टूथपेस्ट, राख, मिश्री लावू नका; चरे पडतात आणि त्यात जंतू बसतात. उकळतं पाणी नको, कवळी वाकडी होते. नंतर झाकणाच्या डब्यात साध्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी रोज बदला. हिरड्या आणि जीभ ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा.

कवळी तुटली तर गोंदाने चिकटवू नका, टोचली तर घरी कानस लावू नका. दंतवैद्याकडे किंवा सरकारी दंत महाविद्यालयात दाखवा. तोंडातली जखम किंवा चट्टा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर तपासणी कराच. तंबाखू-मिश्रीची सवय असेल तर अजिबात थांबू नका. कर्करोग लवकर कळला तर बरा होऊ शकतो.

तरुणांनो, तो डबा आजीच्या उशाशी तुम्हीच ठेवा. स्वतःच्या घरात कवळी काढायची तिला लाज वाटू नये, हे बघणं आपलं काम आहे.