काटा मध्यावर आहे, म्हणजे इंजिन किती गरम?

नागपूर–हैदराबाद महामार्ग यवतमाळ जिल्ह्यातून वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा जातो. मे महिन्यात भर दुपारी या रस्त्याने जाताना एखादी जुनी जीप किंवा मोटार बॉनेट उघडून कडुनिंबाखाली उभी असलेली अजूनही अधूनमधून दिसते. समोरून वाफ निघत असते आणि चालक जवळच्या हॉटेलात पाण्याचा डबा मागायला गेलेला असतो. पाहणारा प्रत्येक जण कारण सांगून मोकळा होतो : ‘ऊन किती आहे!’ हे कारण चूक नाही, पण अपुरे आहे. पंचेचाळीस अंशांच्या त्याच उन्हात त्याच रस्त्याने शेकडो गाड्या न उकळता जात असतात.

या प्रश्नात नववी-दहावीच्या विज्ञानातील उष्णतेचे निम्मे प्रकरण सामावलेले आहे. शिवाय तो चुकीचा समजून घेतल्यामुळे चांगली इंजिने खराब होतात आणि माणसे भाजतात. म्हणून तो जरा नीट पाहू.

आधी इंजिनात किती उष्णता तयार होते याचा हिशेब करू. प्रीमिअर पद्मिनी, अँबॅसडर किंवा मारुती ८०० यांसारखी गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि लिटरला १२ किलोमीटर जाते आहे असे धरा. म्हणजे तासाला ५ लिटर पेट्रोल जळते. एक लिटर पेट्रोलपासून सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता मिळते. तेव्हा तासाला १६० मेगाज्यूल, म्हणजे सुमारे ४४ किलोवॉट झाले. यातील जेमतेम पाव हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. बराचसा भाग धुराबरोबर निघून जातो आणि ढोबळमानाने एक तृतीयांश, सुमारे १५ किलोवॉट, इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला मिळतो. बादलीतील पाणी तापवायच्या दीड किलोवॉटच्या दहा सळया पाच लिटर पाण्यात एकदम सोडल्यासारखेच हे आहे! ही उष्णता बाहेर गेली नाही, तर पाणी आणि इंजिनाचे लोखंड मिळून मिनिटाला बारा-तेरा अंशांनी तापत जातील.

ही उष्णता हवेत टाकण्याचे काम रेडिएटर करतो. त्याचा नियम न्यूटनच्या शीतलनाच्या नियमासारखाच आहे : रेडिएटरमधून दर सेकंदाला बाहेर पडणारी उष्णता पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील फरकाच्या प्रमाणात असते. पाण्याच्या तापमानाच्या प्रमाणात नव्हे, फरकाच्या प्रमाणात. सारा उलगडा या एका शब्दात आहे.

समजा, मे महिन्यातील दुपारी हवा ४५ अंश सेल्सिअस आहे आणि वर सांगितलेल्या वेगाने जाताना पाणी ८८ अंशांवर स्थिरावले आहे. फरक ४३ अंशांचा. म्हणजे या गाडीच्या रेडिएटरला १५ किलोवॉट उष्णता बाहेर टाकण्यासाठी ४३ अंशांचा फरक लागतो. आता तीच गाडी, तोच वेग, पण डिसेंबरची सकाळ आणि हवा १२ अंश. उष्णता तेवढीच बाहेर टाकायची, म्हणून फरकही तेवढाच. मग पाण्याचे तापमान १२ अधिक ४३, म्हणजे ५५ अंशांवरच थांबेल. इंजिनासाठी हे फार थंड झाले. म्हणून पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची एक झडप बसवलेली असते. पितळेच्या छोट्या डबीत मेण भरलेले असते. ते ठरावीक तापमानाला, बहुतेक गाड्यांमध्ये ८२ किंवा ८८ अंशांना, वितळू लागते, प्रसरण पावते आणि दांड्याला ढकलून झडप उघडते. त्याहून दहा-बारा अंश वर ती पूर्ण उघडलेली असते. पाणी थंड असेपर्यंत ते इंजिनातच फिरत राहते आणि रेडिएटरकडे जात नाही.

तेव्हा ‘इंजिनाचे योग्य तापमान’ म्हणजे एक नेमका आकडा नसून थर्मोस्टॅटने सांभाळलेला एक पट्टा आहे. जुन्या गाडीत तो साधारण ८० ते ९५ अंशांचा असतो. खालची मर्यादा थर्मोस्टॅट सांभाळतो. वरची मर्यादा मात्र रेडिएटर, पंखा आणि पंप यांची एकत्रित ताकद ठरवते.

इथे आपल्याकडील एका सर्रास प्रथेबद्दल सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या जुन्या पेट्रोल गाडीचे काम करून घेतल्यावर थर्मोस्टॅट मिस्त्रींनी काढूनच टाकला. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘‘सर, आपल्या इकडे एवढं ऊन. हे थर्मोस्टॅट कायले पायजे? थंड्या मुलखातल्या गाड्यायले लागते ते.’’ माणूस अनुभवी होता आणि त्याचे म्हणणे वरवर पटणारेही होते. पण वरचा हिशेब पुन्हा पाहा. मे महिन्यातील दुपारी पाणी नव्वदीच्या घरात गेले की थर्मोस्टॅट बहुतांशी उघडलेलाच असतो. तो काढून फारसे काही हाती लागत नाही. काही इंजिनांमध्ये तर पाणी रेडिएटरला वळसा घालून परत जाण्याची आडवाटही तोच बंद करतो. अशा इंजिनातून तो काढला तर गरम पाण्याचा काही भाग थंड न होताच परत फिरतो आणि गाडी उलट जास्त तापते. (थर्मोस्टॅट नसला की पाणी रेडिएटरमधून फार वेगाने जाते आणि त्याला निवायला वेळ मिळत नाही, असेही काही जण सांगतात. हे मात्र खरे नाही. प्रवाह वाढला की उष्णता जास्तच बाहेर पडते, कमी नाही.)

तोटा झाला तो हिवाळ्यात. कापसाच्या हंगामात पहाटे यवतमाळहून वणीला निघालो की कळंब मागे पडले तरी काटा ‘सी’वरून हलत नसे. पेट्रोल जास्त लागू लागले. एक दिवस तेल भरण्याचे झाकण उघडले, तर आतून ताकाच्या रंगाचा लोण्यासारखा फेस लागलेला. तेलात पाणी मिसळल्याची ती खूण होती. आता हे पाणी आले कुठून? पेट्रोलमधील हायड्रोजन जळला की पाणी तयार होते, आणि थोडेथोडके नव्हे : एक लिटर पेट्रोल जळून सुमारे एक लिटर पाणी होते. बहुतेक पाणी वाफेच्या रूपाने धुराबरोबर जाते, पण पिस्टनच्या कडांतून निसटणाऱ्या वायूंबरोबर थोडे तेलाच्या टाकीतही उतरते. इंजिन पुरेसे गरम असेल तर ते उडून जाते. पंचावन्न अंशांवर ते तिथेच साचते आणि आम्लयुक्त वायू त्यात विरघळतात. याशिवाय थंड सिलिंडरच्या भिंतीवर न उडालेले पेट्रोल तेलाचा पातळ थर धुऊन काढते आणि धातूवर धातू घासतो. ही झीज आवाज करीत नाही, वाफ सोडत नाही. म्हणून थंड इंजिनाला कोणी आजारी समजत नाही. (असाच फेस हेड गॅस्केट फुटल्यावरही दिसतो, तेव्हा नुसत्या फेसावरून निदान करू नये.) मी नवा थर्मोस्टॅट बसवून घेतला. त्या उन्हाळ्यात गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापली नाही.

मग रस्त्याकडेची ती गाडी का उकळली? हिशेब थोडा बदलू. रेडिएटरच्या एक चतुर्थांश नळ्या बुजल्या आहेत असे धरा. तेवढीच उष्णता टाकायला आता ४३ ऐवजी सुमारे ५७ अंशांचा फरक लागेल. डिसेंबरच्या सकाळी १२ अधिक ५७ म्हणजे ६९. थर्मोस्टॅटला पुरते उघडायचेही कारण पडत नाही, काटा जागेवर असतो आणि कोणाला शंका येत नाही. मे महिन्यात मात्र ४५ अधिक ५७ म्हणजे १०२! दोष जानेवारीतही होताच, मे महिन्याने फक्त तो उघडा पाडला.

आपल्या जिल्ह्यात नळ्या बुजण्याला एक स्थानिक कारणही आहे. जिल्ह्याचा बराचसा भाग बेसॉल्टचा असला तरी पूर्वेला वणी भागात चुनखडक आहे. राजूरच्या चुन्याच्या भट्ट्या त्यावरच चालत आल्या. अशा भागातील विहिरींचे व बोअरचे पाणी जड असते. पाण्यात विरघळलेले कॅल्शिअम बायकार्बोनेट तापले की त्याचे न विरघळणारे कार्बोनेट होते आणि ते भिंतींवर बसते. आंघोळीचे पाणी तापवायच्या बंबात जो पांढरा थर धरतो, तोच हा. तो तांब्यापेक्षा उष्णतेचा शेकडो पट वाईट वाहक आहे. गंमत अशी की एकदा भरलेल्या पाण्यातील क्षार एकदाच बसतात. थर वाढतो तो रोज तांब्या-तांब्याने पाणी टाकल्यामुळे. म्हणून गळती थांबवणे आणि शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्यात कूलंट मिसळून वापरणे हाच उपाय. कूलंट पाणी गोठू न देण्यासाठी असते, आपल्याकडे त्याचा काय उपयोग, हा प्रश्न नेहमी येतो. त्यातील गंजरोधक द्रव्ये यवतमाळातही तेवढीच उपयोगी आहेत. रेडिएटरच्या बाहेरच्या पात्यांत कुसळे आणि कापसाचे तंतू अडकतात, तेही पाहावे.

आता १०२ अंश म्हटल्यावर पाणी उकळलेच पाहिजे का? यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंचीवर आहे. तिथे उघड्या भांड्यातील पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळते. पण रेडिएटरचे झाकण म्हणजे कुकरची शिट्टीच आहे. त्यातील स्प्रिंग आतला दाब हवेच्या दाबापेक्षा अर्ध्या ते नऊ दशांश वातावरणाइतका वाढू देते आणि पाण्याचा उत्कलनबिंदू ११० अंशांच्या पलीकडे नेते. म्हणून झाकण चांगले असेल तर १०२ अंशांवरही ही गाडी मुक्कामाला पोहोचते. झाकणाचे रबर विरले असेल तर तीच गाडी रस्त्यात वाफ सोडते. एवढ्याशा रबराचा हा फरक आहे.

हेच झाकण गरम असताना उघडणे अत्यंत धोक्याचे आहे. आत ११० अंशांचे पाच लिटर पाणी आहे असे समजा. झाकण उघडताच दाब जातो आणि उत्कलनबिंदू एकदम साडेअकरा अंशांनी खाली येतो. ही जास्तीची उष्णता अप्रकट उष्मा म्हणून वापरली जाते आणि सुमारे १०० ग्रॅम पाण्याची क्षणात वाफ होते. शंभर ग्रॅम ऐकायला थोडे वाटते. पण तिचे आकारमान पावणेदोनशे लिटर, म्हणजे जवळजवळ एक मोठा ड्रम भरते, आणि ती उरलेले उकळते पाणी घेऊन वर उसळते. चेहरा नेमका तिथेच वाकलेला असतो. गाडी बंद करून निदान अर्धा-पाऊण तास थांबावे, वरचा पाइप हाताला सोसेल इतका निवला की मगच जाड फडके धरून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये, हेड तडकते.

आणि तो काटा? जुन्या गाडीतील काटा बऱ्यापैकी खरे बोलतो, पण त्याचा संवेदक पाण्यात बुडालेला असेल तरच. पाइप फुटून सगळे पाणी निघून गेले तर संवेदक कोरडा पडतो आणि इंजिन जळत असताना काटा खाली येऊ शकतो. तापलेला काटा अचानक उतरला तर सुटकेचा निःश्वास टाकू नये, गाडी थांबवावी. काटा केव्हा चढतो तेही पाहावे. गर्दीत किंवा उभ्या गाडीत चढत असेल तर पंखा अथवा फॅनबेल्ट तपासावा. पद्मिनी किंवा अँबॅसडरसारख्या गाडीत पंखा इंजिनाच्या पट्ट्यावरच फिरतो आणि इंजिन मंद असले की तोही मंदावतो. मोकळ्या रस्त्यावर वेगात चढत असेल तर संशय रेडिएटरच्या नळ्यांवर किंवा पंपावर घ्यावा.

हे सारे वर्गात दाखवायला गाडी लागत नाही. गॅरेजमधून एखादा थर्मोस्टॅट मागून आणा, दोऱ्याला बांधून पातेल्यातील पाण्यात तळाला न टेकता लोंबता ठेवा, शेजारी तापमापी धरा आणि मंद आचेवर तापवा. झडप हलू लागली की तापमान लिहा, पूर्ण उघडली की पुन्हा लिहा. मग शेगडी बंद करून ती मिटताना वाचन घ्या. मिटण्याचे तापमान उघडण्याच्या तापमानापेक्षा काही अंशांनी कमी आढळेल. असे का होते, याचा तर्क विद्यार्थ्यांना करू द्या. मेण, स्प्रिंग आणि तापमापी या तिघांपैकी कोणाला उशीर होतो, तिथून सुरुवात करता येईल.