सत्तापालटाची भूतानी रीत

भूतानमध्ये लोकशाही आली ती प्रजेच्या मागणीतून नव्हे, तर बऱ्याच अंशी प्रजेच्या इच्छेविरुद्ध, राजाच्या निर्णयातून आली. 2006 मध्ये जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी पुत्रासाठी गादी सोडली आणि 2007 मध्ये रंगांची नावे दिलेल्या चार काल्पनिक पक्षांमध्ये सराव-निवडणूक घेण्यात आली. तीत राजाचा मानला जाणारा पिवळा रंग ज्या पक्षाचा होता, त्याने 47 पैकी 46 जागा जिंकल्या. मार्च 2008 मधील पहिल्या खऱ्या निवडणुकीत द्रुक फुएनसुम छोग्पा या पक्षाला 45, तर पीपल्स डेमोक्रॅटिक पार्टीला अवघ्या दोन जागा मिळाल्या, तेव्हा हा देश एकपक्षीय होईल असे वाटणे स्वाभाविक होते.

तसे झाले नाही, याचे मोठे श्रेय राज्यघटनेतील द्विफेरी पद्धतीला द्यावे लागते. प्राथमिक फेरीत संपूर्ण देश एकच मतदारसंघ मानून लोक उमेदवाराला नव्हे तर पक्षाला मत देतात, आणि सर्वाधिक मते मिळवणारे दोनच पक्ष राष्ट्रीय सभेच्या 47 जागांसाठी सार्वत्रिक फेरीत उतरतात. (राष्ट्रीय परिषद हे दुसरे सभागृह पक्षविरहित असून त्यातील 25 पैकी पाच सदस्य राजनियुक्त असतात.) 2013 मध्ये सत्ताधारी पक्ष प्राथमिक फेरीत आघाडीवर होता, पण बाद झालेल्या दोन पक्षांची बरीच मते आणि काही उमेदवारही विरोधकांकडे वळले. भारताने स्वयंपाकाचा गॅस व रॉकेल यांवरील अनुदान ऐन मतदानापूर्वी थांबवल्याची झळही सरकारला बसली असावी. निकाल 32 विरुद्ध 15 असा लागला. 2018 मध्ये त्शेरिंग तोबगे यांचा सत्ताधारी पक्ष सुमारे 27 टक्के मते मिळवूनही प्राथमिक फेरीतच बाद झाला आणि 2023 मध्ये लोटे त्शेरिंग यांच्या द्रुक न्यामरूप छोग्पाच्या वाट्याला तेच आले.

चार निवडणुकांत एकही सरकार पुन्हा निवडून आलेले नाही, हे भूतानी मतदाराच्या स्वातंत्र्याचे ठोस प्रमाण आहे. मात्र या स्पर्धेच्या मर्यादा गंभीर आहेत. प्रदेश, भाषा वा धर्म यांच्या आधारे पक्ष काढता येत नाही, पदवीविना संसदेची उमेदवारी मिळत नाही, भिक्षूंना मताधिकार नाही. आणि 1990 च्या सुमारास देशाबाहेर गेलेल्या, बहुतांशी नेपाळी भाषक ल्होत्शाम्पांना या प्रक्रियेत जागाच उरली नाही, हा अन्याय कोणत्याही निवडणूक-निकालाने पुसला जात नाही.

पक्षांची मुळेही उथळच राहिली आहेत. धोरणांत फारसा भेद नसल्याने मत पडते ते नेत्याकडे पाहून, आणि सत्ता गेली की संघटना विरते. 45 जागा जिंकणारा पक्ष 2023 मध्ये प्राथमिक फेरीही ओलांडू शकला नाही. जानेवारी 2024 मध्ये 30 जागांसह तोबगे परतले, परंतु घटनेनुसार कोणालाही दोनहून अधिक वेळा पंतप्रधानपद भूषवता येत नसल्याने, पुढच्या प्राथमिक फेरीत त्यांच्या पक्षाला वेगळा चेहरा घेऊनच मतदारांसमोर जावे लागेल.