लहरी कोणाच्या?

२४ नोव्हेंबर १९९३. कोलकात्याचे ईडन गार्डन्स, हीरो कपचा उपांत्य सामना. दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात सहा धावा हव्या होत्या. अनुभवी गोलंदाज हाताशी असताना चेंडू दिला गेला सचिन तेंडुलकरच्या हाती. त्याने तीनच धावा दिल्या आणि भारताने सामना दोन धावांनी जिंकला. ते षटक आठवणारी माणसे आजही घरोघरी सापडतात. त्याच स्पर्धेपायी एक महत्त्वाचा खटला उभा राहिला होता, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

बंगाल क्रिकेट संघटनेने सामन्यांचे चित्रीकरण एका परदेशी कंपनीला दिले आणि दूरदर्शनशी तिचे बिनसले. प्रक्षेपण ही आमचीच मक्तेदारी, असे सरकारचे म्हणणे. त्याला आधार १८८५ च्या तार कायद्याचा! परदेशातून आलेली यंत्रसामग्री मुंबईत कस्टम्सने अडवून धरली. प्रकरण कोलकाता उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ नोव्हेंबरच्या अंतरिम आदेशाने वाट मोकळी झाली, तेव्हा उपांत्य सामना अवघ्या नऊ दिवसांवर होता.

क्रिकेट संपले, पण प्रश्न उरला. त्याचा अंतिम निकाल ९ फेब्रुवारी १९९५ रोजी लागला. न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांचे ते खंडपीठ. मुख्य निकालपत्र लिहिले ते आपल्या सावंतांनी.

न्यायालयाने खेळाकडे केवळ धंदा म्हणून पाहिले नाही. घटनेच्या १९ व्या कलमाने दिलेल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्यात बोलण्याइतकाच माहिती मिळवण्याचा आणि मनोरंजनाचाही हक्क येतो, असे त्याने सांगितले. म्हणजे खटला संघटना आणि दूरदर्शन यांच्यात असला, तरी घरी बसून सामना पाहणारा प्रेक्षकही त्यातला एक पक्षकारच ठरला. तो न्यायालयात हजर नव्हता, इतकेच.

प्रक्षेपणलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, हे या निकालातले सर्वाधिक गाजलेले वाक्य. सरकारची मक्तेदारी मोडली म्हणून पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या. निकालाचा दुसरा अर्धा भाग मात्र त्या टाळ्यांत हरवला. लहरी मर्यादित असतात. त्या पैसेवाल्या मूठभरांच्या हाती गेल्या, तर तीही मक्तेदारीच, असा इशारा त्यात होता. म्हणून लहरींचे नियमन सरकारपासून स्वतंत्र अशा सार्वजनिक प्राधिकरणाकडे असावे आणि त्यात समाजातील विविध थरांना स्थान मिळावे, असे न्यायालयाने सुचवले.

पुढे काय झाले? प्रसार भारतीचा १९९० चा कायदा १९९७ मध्ये अमलात आला. खासगी वाहिन्यांचा तर पूरच लोटला. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांनी प्रसार भारतीलाही देणे बंधनकारक केले, म्हणून ज्या घरी केबल नाही तिथेही असे सामने पोहोचू लागले. विद्यापीठांना आणि नंतर २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओची मुभा मिळाली. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ किंवा माण तालुक्यात म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ऐकली, की लहरी लोकांच्या असणे म्हणजे काय, ते समजते.

पण न्यायालयाने ज्याची कल्पना केली, ते सरकारपासून खरोखर स्वतंत्र असे प्राधिकरण काही उभे राहिले नाही. परवाने अजूनही मंत्रालयाच्याच हाती आहेत. न्या. सावंतांचे २०२१ मध्ये निधन झाले. मालकाने आपल्या मालमत्तेचा हिशेब मागायचा असतो, आणि या मालमत्तेचे मालक आपण आहोत. सामना पाहताना हे आपल्या कितीदा ध्यानात येते?