निवडक अभ्यासक्रम : जिल्हाभर की विभागवार?

माँटगोमेरी काउंटी, मेरीलँड (अमेरिका)

संपूर्ण काउंटीचा एकच शालेय जिल्हा. २५ सरकारी हायस्कूल, सुमारे १.६ लाख विद्यार्थी.

• जिल्हाव्यापी प्रवेश : काउंटीतल्या कोणत्याही भागातून अर्ज करता येतो. उदा. रिचर्ड माँटगोमेरी हायस्कूलचा इंटरनॅशनल बॅकलॉरिएट अभ्यासक्रम.

• विभागीय प्रवेश : जवळच्या काही हायस्कूलचा गट, जागा त्या गटातल्या मुलांनाच. बसप्रवास कमी होतो. मात्र अर्जदार कमी असतात आणि विषयात मुरलेले शिक्षक प्रत्येक विभागात लागतात. खरी अडचण तिथेच आहे.

• मधली वाट : विज्ञान, गणित व संगणकशास्त्राचा मॅग्नेट (निवड करून प्रवेश देणारा) अभ्यासक्रम माँटगोमेरी ब्लेअर हायस्कूलमध्ये १९८५ पासून, पुढे उत्तर भागासाठी पूल्सव्हिलमध्येही.

• २०२५चा प्रस्ताव : काउंटीचे सहा विभाग करून असे अभ्यासक्रम विभागवार, अंमल २०२७-२८ पासून.