माव्याची भयसूचना

आमोणे आणि डिचोली तालुक्यातील इतर गावांत पावसाळी भात कापून झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर आळसांदे पेरण्याची जुनी रीत आहे. त्यांच्या कोवळ्या शेंड्यांवर आणि शेंगांवर काळ्या, चकचकीत किड्यांचा थर बसलेला वाचकांनी पाहिला असेल. हाच मावा. तो सोंडेने झाडाचा रस शोषतो. त्याच्या अंगातून गळणाऱ्या गोड चिकट्यावर काळी बुरशी चढते. शिवाय विषाणूजन्य रोगही तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. उष्ण प्रदेशात त्याच्या माद्या नरावाचून जिवंत पिल्ले प्रसवतात, आणि ती पिल्ले आठवडा-दीड आठवड्यात स्वतः माता होतात! विषारी औषध फवारावे, तर माव्याला खाणारे ढालकिडेही मरतात. आणि त्याच शेंगांतील दाण्यांचे तोणाक आम्हांस करावयाचे असते.

परंतु माव्यालाही भय आहे. त्याच्या पाठीच्या मागील टोकाशी दोन बारीक नळ्या असतात. ढालकिड्याने धरताच त्यांतून एक थेंब पाझरतो आणि त्याचा गंध लागताच शेजारचे किडे सोंड उपसून पळू लागतात, कित्येक तर खाली उड्या टाकतात. हे द्रव्य फार्नेसीन होय, असे 1972 साली रसायनशास्त्रज्ञांनी ओळखले. गंमत अशी, की पेपरमिंटचे झाडही तेच द्रव्य बनवते. 1997 साली अमेरिकेतील संशोधकांनी पेपरमिंटमधील ते बनविण्याची जनुकरूपी कृती ई. कोलाय नावाच्या जिवाणूत घातली, आणि त्या जिवाणूत फार्नेसीन तयार करणारे विकर निर्माण झाले.

मग पिकालाच हा गंध का देऊ नये? इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड संस्थेने असा गहू तयार केला. प्रयोगशाळेत मावा त्यापासून दूर पळाला. मात्र 2012 आणि 2013 साली शेतात घेतलेल्या चाचण्यांत मावा काही कमी झाला नाही. संशोधकांनी 2015 साली ही गोष्ट मोकळेपणाने प्रसिद्ध केली, हे आम्हांस विशेष वाटते. त्यामागचे एक संभाव्य कारण असे, की मावा संकटात क्षणभरच गंध सोडतो, गहू मात्र तो अखंड सोडीत होता. रात्रंदिवस "चोर, चोर" अशी हाक ऐकू आली, तर गावात कोण उठेल?

दुसराही एक गंध आहे. किडीने ग्रासलेली अनेक झाडे मिथाइल सॅलिसिलेट सोडतात. दुखऱ्या सांध्यांना चोळण्याच्या मलमाचा जो वास, तोच हा. त्याच्या मागावर माव्याचे शत्रू येतात. 2006 साली अमेरिकेतील एम.आय.टी.च्या विद्यार्थ्यांनी जिवाणूंकडून हाच वास निर्माण करविला होता.

शत्रूंच्या हाती हे काम सोपविता येते, याचा पुरावा आपल्याजवळच आहे. 2002 साली सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा पडला आणि थोड्याच काळात महाराष्ट्र व कर्नाटकातील उसावर पसरला. तेव्हा डिफा नावाच्या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस हा कीटक वाढवून शेतांत सोडण्यात आले. या अळ्या माव्याच्या लोकरीतच जाळे विणून राहतात आणि त्याचा फडशा पाडतात. आसामकडील एन्कार्शिया ही चिमुकली गांधीलमाशीही कामी आली.

म्हणून जिवाणूंनी गंध सोडावा तो मोजका आणि वेळेवर. निकड नसेल तेव्हा गप्प राहावे. असे जिवाणू घडविणे अवघड आहे, आणि ते शेतात सोडण्याआधी भारतात 1989 च्या नियमांप्रमाणे सरकारी मंजुरी लागते. हे योग्यच आहे. कारण एकदा मोकळे सोडलेले जिवाणू परत गोळा करता येत नाहीत.

तूर्त आळसांद्यांवर करड्या-काळ्या रंगाची, पिवळट ठिपक्यांची, इवल्याशा सुसरीसारखी दिसणारी अळी आढळली, तर ती कीड समजून चिरडू नये. ते ढालकिड्याचे पिल्लू असते, आणि त्याचे खाद्य मावाच होय.