धुळे कारागृहातील अठरा रविवार

कारावासाची शिक्षा मुख्यतः काळाची असते. बाहेर अपुरा पडणारा वेळ तेथे संपता संपत नाही, आणि पुष्कळ बंदी त्या रितेपणानेच खचतात. धुळ्याच्या कारागृहात १९३२ साली मात्र या काळाला लय लाभली. सविनय कायदेभंगातील सत्याग्रही तेथे बंदिवासात असताना विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. साने गुरुजी ते उतरून घेत. त्याचाच पुढे 'गीता प्रवचने' हा ग्रंथ झाला. एरवी दिवस मोजण्यात सरणारा आठवडा आता ऐकलेले पचविण्यास मिळू लागला. फलाशा सोडून हातातील कर्म करावे, हा विचार दळण दळणाऱ्या बंद्यांना केवळ पुस्तकी वाटण्याचे कारण नव्हते.

अर्थात, भिंती कोणालाही आपोआप अंतर्मुख करीत नाहीत. धुळ्याचे श्रोते स्वेच्छेने तुरुंगात आलेले होते, आणि त्यांना विनोबांसारखा वक्ता लाभला. सामान्य बंद्याला अशी सोबत क्वचितच मिळते. ती योजावी लागते. दिल्लीच्या तिहार कारागृहात एप्रिल १९९४ मध्ये हजाराहून अधिक बंदी दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरास बसले, तेव्हा मौन, ठरलेली दिनचर्या आणि मार्गदर्शक आचार्य यांची व्यवस्था आधी करण्यात आली होती.