पिंग कमी आहे, तरी नेम उशिरा का वळतो? एफपीएस आणि इनपुट लॅगमागचं गणित

बीजीएमआयची मॅच अगदी शेवटाला आलेली असते. झुडपामागून एकजण उठतो, बोट स्क्रीनवर सरकतं, पण बंदुकीचा नेम तिथे पोचेपर्यंत आपलाच गडी आडवा. मग पुढचं वाक्य ठरलेलं: "नेट गंडलंय यार!" कोपऱ्यातला पिंगचा आकडा मात्र ३५-४० वर शांत बसलेला असतो.

अशा वेळी नेटचा खरंच काही दोष नसतो. गेममध्ये उशीर दोन प्रकारचा असतो आणि बहुतेक जण दोन्हींना सरसकट 'लॅग' म्हणतात. पहिला उशीर नेटवर्कचा. तुमच्या फोनकडून सर्व्हरकडे जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. दुसरा उशीर तुमच्या हातातल्या यंत्राचा. बोट हललं किंवा माऊस क्लिक झाला, तेव्हापासून त्याचा परिणाम तुमच्याच स्क्रीनवर दिसेपर्यंतचा वेळ म्हणजे इनपुट लॅग.

दोन्ही ओळखायची एक साधी खूण आहे. शूटिंग गेममध्ये तुम्ही मान वळवता, नेम फिरवता, ते काम तुमचाच फोन किंवा पीसी करतो. त्यासाठी सर्व्हरची परवानगी लागत नाही. म्हणून शत्रू एका जागेवरून दुसरीकडे उडी मारल्यासारखा दिसत असेल, किंवा भिंतीआड गेल्यावरही गोळी लागत असेल, तर संशय नेटवर घ्या. पण स्वतःचाच नेम जड, चिखलातून ओढल्यासारखा फिरत असेल, तर कारण घरातच आहे. आणि त्यातलं एक मोठं कारण म्हणजे फ्रेम रेट.

एका फ्रेमची किंमत

गेम म्हणजे भराभर बदलणारी चित्रं. एक चित्र म्हणजे एक फ्रेम, आणि सेकंदाला अशी किती चित्रं तयार होतात तो आकडा म्हणजे एफपीएस. एफपीएस वाढले की गेम 'स्मूथ' दिसतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण डोळ्यांना काय दिसतं हा गोष्टीचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा हाताशी संबंधित आहे.

३० एफपीएसवर एक फ्रेम ३३.३ मिलिसेकंदांची असते. ६० वर १६.७, १२० वर ८.३ आणि २४० वर साधारण ४.२. आता गेम चालतो कसा ते बघा. साधारणपणे प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीला गेम विचारतो, "खेळाडूने काय दाबलं?" त्यानुसार प्रोसेसर हिशोब करतो, ग्राफिक्स चिप चित्र रंगवते आणि मग ते चित्र वरून खाली स्क्रीनवर उतरतं. तुमचं क्लिक 'काय दाबलं' हे विचारून झाल्यावर लगेच आलं, तर त्याला पुढच्या फ्रेमपर्यंत थांबावं लागतं. बस सुटल्यावर स्टॉपवर पोचल्यासारखं.

ढोबळ गणित मांडू. सरासरी अर्धी फ्रेम वाट बघण्यात, एक प्रोसेसरमध्ये, एक ग्राफिक्स चिपमध्ये आणि स्क्रीनच्या मध्यापर्यंत चित्र उतरायला आणखी अर्धी. एकूण तीन फ्रेम. स्क्रीनचा वेगही एफपीएसइतकाच धरला, तर ३० एफपीएसवर हा उशीर १०० मिलिसेकंद, ६० वर ५०, १२० वर २५ आणि २४० वर १२.५ होतो. प्रत्यक्षात यात टचस्क्रीन किंवा माऊसचा, गेमच्या इंजिनाचा आणि डिस्प्लेचा स्वतःचा वेळ मिळवावा लागतो, त्यामुळे खरे आकडे वेगळे येतात. पण उतार असाच असतो. त्यातली एक गोष्ट खिशाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ३० वरून ६० ला गेल्यावर ५० मिलिसेकंद वाचतात, ६० वरून १२० ला २५, आणि १२० वरून २४० ला जेमतेम १२.५. म्हणजे पैसे वाढत जातात आणि फायदा दरवेळी निम्मा होतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. काहीतरी बघून हात हलवायलाच माणसाला २०० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, मग २५ ने काय बिघडतं? एक तर ते २०० समोरच्यालाही लागतात, वरचे २५ फक्त तुमचे असतात. पण खरं कारण वेगळं आहे. नेम धरणं ही एकदाच करायची गोष्ट नाही. डोळा बघतो, हात थोडा सरकवतो, पुन्हा बघतो, पुन्हा सुधारतो. हिवाळ्यात गिझरचा नळ आठवा. नळ फिरवला तरी पाणी गारच, म्हणून आणखी फिरवला, आणि मग एकदम चटका! उशीर असला की हात असाच गरजेपेक्षा जास्त जातो. नेम शत्रूच्या पुढे निघून जातो, मग मागे आणावा लागतो.

फायटिंग गेमवाल्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही, कारण त्यांची भाषाच फ्रेमची आहे. 'स्ट्रीट फायटर ६' मधले सगळ्यात जलद ठोसे चार फ्रेममध्ये लागतात, म्हणजे सुमारे ६७ मिलिसेकंद. तिथे टीव्हीने तीन फ्रेमचा उशीर केला तर अर्धा सामना तिथेच हरल्यासारखा.

६० हर्ट्झच्या स्क्रीनवर २०० एफपीएस कशाला?

स्क्रीन सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलणार असेल तर त्यावरचे एफपीएस वाया जातात, असं ऐकायला मिळतं. दिसण्याच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरं आहे, उशिराच्या बाबतीत नाही. २०० एफपीएसवर प्रत्येक चित्र ५ मिलिसेकंदांत तयार होतं, त्यामुळे स्क्रीनची पाळी येते तेव्हा हाताशी असलेलं चित्र जास्त ताजं असतं. काउंटर-स्ट्राइक खेळणारी मंडळी मॉनिटरच्या वेगापेक्षा जास्त एफपीएसमागे लागतात ते याचसाठी. बदल्यात स्क्रीनवर आडवी चीर पडल्यासारखी दिसते, तिला टेअरिंग म्हणतात.

ही चीर घालवायला व्ही-सिंक असतं. ते प्रत्येक चित्राला स्क्रीनची पाळी येईपर्यंत थांबवून ठेवतं. चित्र स्वच्छ दिसतं, पण मागे रांग लागते आणि हात जड होतो.

ही रांग व्ही-सिंकशिवायही लागते. स्वयंपाकघरात एकीने पोळ्या लाटायच्या आणि दुसरीने भाजायच्या, असं काम चालू आहे समजा. लाटणारी भरभर लाटतेय, तवा एकच. लाटलेल्या तीन पोळ्या साठल्या. आता बाहेरून कुणी ओरडलं, "पुढची छोटी लाटा!" तर ती छोटी पोळी ताटात येणार तीन मोठ्या पोळ्या झाल्यावरच. इथे लाटणारी म्हणजे प्रोसेसर, भाजणारी म्हणजे ग्राफिक्स कार्ड. कार्ड ९९ टक्के गुंतलेलं असलं की तुमची आज्ञा अशीच रांगेत अडकते. म्हणून कधीकधी एफपीएसवर थोडी खाली मर्यादा घातली की आकडा घटतो, पण हात हलका होतो. एनव्हिडियाने २०२० मध्ये आणलेलं रिफ्लेक्स हेच करतं. तवा रिकामा होत आला की मगच पुढची पोळी लाटायला सांगतं. गेममध्ये हा पर्याय दिसला तर चालू करायला हरकत नाही.

आकडा वाढतो, हात मात्र तिथेच

एवढं वाचून कुणीही म्हणेल की जास्त एफपीएस म्हणजे कमी उशीर. काही वर्षांपूर्वीपर्यंत हा नियम बहुतांशी चालायचा. २०२२ मध्ये एनव्हिडियाने डीएलएसएस ३ सोबत फ्रेम जनरेशन आणलं, पुढच्या वर्षी एएमडीचं एफएसआर ३ आलं, आणि आकड्याचा अर्थच बदलला.

यात गेम दोन खऱ्या फ्रेम तयार करतो आणि त्यांच्या मधली एक फ्रेम अंदाजाने बनवली जाते. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या डीएलएसएस ४ मध्ये एका खऱ्या फ्रेममागे अशा तीनपर्यंत फ्रेम बनतात. गोम अशी की मधली फ्रेम बनवायला पुढची खरी फ्रेम आधी हातात असावी लागते. म्हणजे तयार असलेलं ताजं चित्र थोडा वेळ अडवून ठेवायचं आणि आधी मधलं दाखवायचं. शिवाय या बनवलेल्या फ्रेम "काय दाबलं?" हा प्रश्न विचारतच नाहीत. त्यामुळे खऱ्या ३० फ्रेमच्या जागी कोपऱ्यात १२० दिसले, तरी डोळ्याला १२० आणि हाताला ३०, किंवा त्याहून जराशी वाईट, असा अनुभव येतो.

त्याच जानेवारीत एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरचं आरटीएक्स ५०७० हे जुन्या, कितीतरी महागड्या ४०९० इतकी कामगिरी देईल असं मंचावरून सांगितलं. त्या तुलनेत या एआय फ्रेम धरलेल्या होत्या. जाहिरातीतला असा तक्ता बघून कार्ड घेणाऱ्याने फ्रेम जनरेशन बंद असतानाचा आकडा शोधावा, विशेषतः व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या गेमसाठी घेत असेल तर. हे तंत्र टाकाऊ मुळीच नाही. निवांत खेळायच्या कथाप्रधान गेममध्ये, मुळात ६० एफपीएस मिळत असतील, तर ते छान दिसतं. एएमडीनेही ते वापरण्याआधी किमान ६० एफपीएस असावेत असंच सुचवलं आहे.

फोनवाल्यांची अडचण निराळी. बीजीएमआयमध्ये निवडक फोनवर ९० आणि १२० एफपीएसचा पर्याय मिळतो, पण फोन तापला की तो स्वतःच वेग कमी करतो. ९० वरून ५० वर घसरत, पुन्हा चढत चाललेला गेम हाताला सतत फसवतो, कारण उशीर दर क्षणी बदलतो. त्यापेक्षा ग्राफिक्स 'स्मूथ' वर ठेवून न हलणारे ६० परवडले. खोक्यावर लिहिलेला टच सॅम्पलिंगचा आकडा आणि स्क्रीनचा रिफ्रेश रेट यांतही गल्लत नको. पहिला बोट किती वेळा वाचलं जातं ते सांगतो, दुसरा चित्र किती वेळा बदलतं ते.

टीव्हीवर प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स जोडला असेल तर आधी 'गेम मोड' चालू आहे का ते बघा. चित्र सुंदर करण्यासाठी टीव्ही जी प्रक्रिया करतो, तिचा उशीर फ्रेम रेटने वाचवलेल्या वेळेपेक्षा जास्त असू शकतो.

आणि हे सगळं घरी मोजताही येतं. दुसऱ्या फोनचा स्लो-मोशन कॅमेरा २४० एफपीएसवर लावायचा, बोट आणि स्क्रीन दोन्ही दिसतील असा व्हिडिओ काढायचा. बटण दाबल्यापासून स्क्रीनवर हालचाल दिसेपर्यंत किती फ्रेम गेल्या ते मोजून ४.२ ने गुणायचं. एकदा करून भागत नाही. दहा वेळा करून सरासरी काढायची, मग एकेक सेटिंग बदलून पुन्हा मोजायचं.